शिट्टी कंपनीचा शिक्का

"चोरी झालीय. पण जे चोरीला गेलंय, त्याचा आता कुणाला काडीचाही उपयोग नाही," आलेले गृहस्थ म्हणाले. "पोलिसांना सांगितलं तर ते हसले."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. टेबलावर इस्त्री उघडी पडली होती. ती दुरुस्त करायला खरं तर जावईबापूंना बोलावलं होतं. त्यांनी तिचे सगळे भाग सुटे केले आणि पुन्हा जोडायची वेळ आली तेव्हा ते हळूच चहा टाकायला उठले.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "हे माझे जावई. शाळेत भूमिती शिकवतात, सुट्टीत माझ्या मदतीला येतात. काय गेलंय?"

"कंपनीचा शिक्का."

सासूबाईंचे डोळे चमकले. कंपन्यांची नोंदणी होते त्या सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. कागदावरच्या कंपन्या, नावापुरते संचालक, रातोरात बदललेले पत्ते हे सगळं त्यांनी इतकं पाहिलं होतं, की निवृत्त झाल्यावर लोक आपणहून घरी येऊ लागले. शेवटी त्यांनी दारावर खाजगी तपासाची पाटी लावून टाकली.

"दाबला की कागदावर उठाव येतो, तो लोखंडी शिक्का?"

"तोच. वडिलांनी कंपनी काढली तेव्हाचा. चांगला वजनदार आहे."

गृहस्थांची कंपनी शिट्ट्या बनवत होती. खेळातले पंच, आगगाडीचे गार्ड, जहाजावरचे खलाशी, सगळ्यांच्या ओठांत यांची पितळी शिट्टी. वडील गेले तेव्हा कंपनीचे पाच वाटे करून गेले. दोन थोरल्या मुलाचे, दोन धाकट्याचे, एक मुलीचा. तिघेही संचालक. थोरले तयार मालाची तपासणी करत, बहीण कारखाना चालवत होती आणि हे धाकटे गावोगाव फिरून माल खपवत.

"उद्या कंपनी विकतोय आम्ही," धाकटे म्हणाले. "एक मोठी कंपनी घेतेय. आणि काल जेवणाच्या सुट्टीत शिक्का गायब! कपाटाची किल्ली खिळ्यालाच असते, कुणीही उघडावं. पण बाहेर गेलेला नाही. फाटकावर पितळेसाठी प्रत्येकाची पिशवी तपासतात, आमची सुद्धा. वडिलांचा नियम. आत सगळं पालथं घातलं, मिळत नाही."

"शिक्का नाही म्हणून उद्याची विक्री अडतेय का?" जावईबापूंनी चहा ठेवत विचारलं.

"छे! यंदा कायदाच बदलला. पूर्वी शिक्क्याशिवाय कंपनीचा कागद धरत नसत. आता दोन संचालकांच्या सह्या केल्या की झालं. आमच्या वकिलांनी सभेत सगळं समजावून सांगितलंय."

"मग तुमचा जीव कशाला टांगणीला लागलाय?"

धाकट्यांनी आवाज खाली आणला. "नवा कायदा यंदापासूनचा. त्याआधीच्या तारखेच्या कागदाला शिक्का लागतोच ना? उद्या कुणी मागची तारीख घालून कागद तयार केला, त्यावर आमचा शिक्का उठवला आणि म्हणालं, कंपनी तर मी आधीच घेतलीय, तर?"

"छान विचार केलात," सासूबाई म्हणाल्या. "चला, कारखाना बघू. जावईबापू, गाडी काढा. इस्त्री मी आल्यावर जोडते."

*

कारखान्यात पाय ठेवताच जावईबापूंनी कान झाकले. एका अंगाला पत्रा कापायची यंत्रं, दुसऱ्या अंगाला पॉलिशचा मोठा ड्रम. ड्रममध्ये शेकडो शिट्ट्या खडखडत गोल फिरत होत्या.

ताई यंत्रापाशी उभ्या होत्या. बाह्या वर सारलेल्या, केसांत पितळेचा बारीक कीस.

"मला विचारायला आलात ना? विचारा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना वाटतंय मीच घेतला."

"घेतलात?"

"घेऊन काय करू, कुणाच्या डोक्यात घालू? शिक्का लपवून सह्या अडल्या असत्या ना, तर केव्हाच भट्टीत टाकला असता. पण वकिलांनी सांगितलं, आता शिक्का लागतच नाही."

"म्हणजे विक्री तुम्हाला नकोय."

"मला पाचातला एक वाटा. मी आरडाओरडा करून पाहिला. पण दादानं मान डोलावली, मग संपलंच." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आणि त्यालाही आता इथे काही गोड वाटत नाही. वर्षभर माझा अर्धा माल नापास करतोय. म्हणे आवाजात दम नाही. तेच पितळ, तेच साचे, तीच माणसं. मी पुन्हा घडवून पाठवते, तो पुन्हा नापास करतो. माल वेळेवर जात नाही, गिऱ्हाईकं धाकट्याला तोंडावर बोलतात. त्यामुळे तर विकायचं डोक्यात आलं त्याच्या."

"हे तुम्ही तिघं बसून बोललात कधी?"

"आम्ही?" ताई हसल्या. "आम्ही फक्त सभेत बसतो."

सभेची खोली पॉलिशच्या ड्रमला लागून होती. मधे एकच भिंत, आणि तीही थरथरत होती. वकील उद्याची तयारी करत बसले होते. माणूस सज्जन, कपडे कडक, पण आवाज असा की समोरच्याला वाटावं, हे स्वतःशीच पुटपुटतायत. जावईबापूंना खुर्ची दोनदा पुढे ओढावी लागली.

"सभेत तुम्ही काय सांगितलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"नव्या कायद्यातल्या दोन गोष्टी. पहिली, शिक्का आता ऐच्छिक. दुसरी, अख्खी कंपनी विकायची असेल तर साधं बहुमत पुरत नाही. कंपनीचे चारातले तीन हिस्से ज्यांच्या हाती, त्यांचा होकार लागतो. या कंपनीचे पाच वाटे, म्हणजे निदान चार वाटे तरी हवेत."

"दोघा भावांचे मिळून चार. म्हणजे काम भागतं," जावईबापू म्हणाले. बेरीज आली की ते मागे राहत नसत.

"कुणी शंका विचारल्या?"

"ताईंनी विचारल्या, धाकट्यांनीही. थोरले फार बोलत नाहीत. 'बरोबर आहे, बरोबर आहे' एवढंच."

"कोण कुठे बसलं होतं?"

वकिलांना प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. तरी त्यांनी बोटानं दाखवलं. "थोरले वडिलांच्या खुर्चीत, त्या ड्रमच्या भिंतीला पाठ करून. मी इथे, दुसऱ्या टोकाला. हे दोघं माझ्या दोन बाजूंना."

"ड्रम चालू होता?"

"तो बंद कधी असतो?"

*

दादांची तपासणीची खोली मात्र शांत होती. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दार बंद केलं की बाहेरचा खडखडाट नाहीसा व्हायचा. टेबलावर हवेची नळी होती. दादा तिच्यावर एकेक शिट्टी बसवत, पायानं हवा सोडत, क्षणभर ऐकत, आणि शिट्टी डाव्या किंवा उजव्या तबकात टाकत. भिंतीकडेला नापास शिट्ट्यांच्या लाकडी पेट्या काठोकाठ भरल्या होत्या.

दादा उठून उभे राहिले. थोराड बांध्याचे, प्रेमळ चेहऱ्याचे गृहस्थ. बोलणं मात्र जरा मोठ्यानं. "या, या! बसा! धाकट्यानं उगाच तुम्हाला त्रास दिला."

त्यांनी पाय दाबला. शिट्टी अशी कडाडली की जावईबापूंच्या दाढेतून कळ गेली. दादांनी मान हलवली. "दम नाही हिच्यात," ते म्हणाले आणि शिट्टी डाव्या तबकात टाकली.

जावईबापूंच्या कानात अजून भोंगा वाजत होता. 'हिच्यात दम नसेल तर दम असलेली शिट्टी काय भिंत पाडत असेल,' त्यांच्या मनात आलं. पण जाणत्या माणसापुढे आपण काय बोलायचं, म्हणून ते गप्प राहिले.

सासूबाई दादांच्या पाठीमागच्या खिडकीपाशी गेल्या. "वडिलांनी तुम्हालाच का बसवलं या कामावर?" त्यांनी बाहेर बघत विचारलं.

दादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. उत्तर दिलंच नाही. जावईबापूंना हा तोरा मुळीच आवडला नाही.

सासूबाई फिरून समोर आल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"माझा कान!" दादा लगेच खुलले. "लहानपणी डोळे मिटून सांगायचो, कुठली शिट्टी कुठल्या साच्यातली ते. वडील म्हणायचे, कंपनीचा कान तू आहेस." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण आताचा माल तसा नाही राहिला. वडिलांचं नाव बदनाम होण्यापेक्षा विकलेली बरी, असं धाकट्यानं म्हटलं. मी शब्द दिला."

"उद्या सह्या ना?"

"आता कुठल्या सह्या! नवा शिक्का घडवायचा, त्याला ठराव करायचा, म्हणजे बरेच दिवस गेले." हे सांगताना ते अगदी निवांत दिसत होते. जावईबापू एका पेटीकडे वाकले, तसे दादा पटकन मधे आले. "तिला हात लावू नका हं! पास-नापास मिसळायचं."

"इथेही शोधाशोध झाली का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"इथे? इथे माझ्याशिवाय कोण येतं?"

*

अंगणात आल्यावर जावईबापूंनी खडूनं फळ्यावर लिहावं तसं हवेत बोट फिरवलं.

"आई, माझ्या मते धाकटे. मागच्या तारखेच्या कागदाची कल्पना त्यांच्याच तोंडून आली. चोराच्याच डोक्यात अशा गोष्टी येतात."

"कागदावर शिक्का उठवायला किती वेळ लागतो?"

"एकदा दाबायचा."

"मग कपाटाशी उभं राहून दाबावा, परत ठेवावा, कुणाला पत्ता लागणार नाही. खोटा कागद करणारा शिक्का जागेवरच ठेवेल. तो नाहीसा करून गावभर बोंब कशाला होऊ देईल?"

जावईबापूंचं बोट हवेतच थांबलं. "मग ताई. त्यांना विक्री नकोय."

"आणि शिक्क्यानं विक्री अडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे."

"ठाऊक तर सगळ्यांनाच आहे!" जावईबापू वैतागले. "सगळे त्या सभेत होते. म्हणजे शिक्का चोरायला कुणालाच कारण नाही. सिद्ध करायला काही उरतच नाही."

"कुठलंतरी गृहीत चुकलं असेल, मास्तर," सासूबाई हसून म्हणाल्या. "चला, सगळ्यांना दादांच्या खोलीत बोलवा. तिथे शांतता आहे. आणि दादांना माझ्या अगदी समोर बसवा, उजेडाकडे माझं तोंड येईल असं."

*

दार बंद झालं. धाकटे, ताई आणि वकील पेट्यांना टेकून उभे होते. दादा आणि सासूबाई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. सासूबाई सावकाश आणि खणखणीत बोलू लागल्या.

"शिक्का कशासाठी नेतात? एक, कागदावर उठवायला. पण त्याला तो न्यावा लागत नाही. दोन, विकून पैसे करायला. जुन्या लोखंडाचं कोण काय देणार, आणि फाटकातून बाहेर तरी कसा जाणार? तीन, विक्री अडवायला. हे एकच कारण पटण्यासारखं आहे. पण त्याला एक अट आहे. ज्यानं नेला, त्याला विक्री नको असली पाहिजे, आणि शिक्क्याशिवाय कागद होत नाही असं अजूनही वाटत असलं पाहिजे."

"पण मी सर्वांना वाचून दाखवलं होतं," वकील पुटपुटले.

"आता आपण काय म्हणालात ते दोन हातांवरच्या माझ्या जावयांनाही नीट कळलं नसेल," सासूबाई म्हणाल्या. "रागावू नका. तुमचा आवाज मुळात लहान. ड्रम चालू. तिघा भावंडांपैकी एकजण ड्रमच्या भिंतीला पाठ करून, तुमच्यापासून सगळ्यात लांब बसलेला. ताईंनी मला आपणहून सांगितलं, शिक्का लागत नाही. धाकट्यांनीही सांगितलं. एकच माणूस म्हणाला, शिक्का नाही तर सह्या कुठल्या, आता बरेच दिवस गेले."

दादा सासूबाईंच्या ओठांकडे बघत होते.

"मी त्यांच्या पाठीमागून प्रश्न विचारला. जावईबापूंना वाटलं, गृहस्थांना तोरा आहे. समोरून विचारला तर त्यांनी अगदी मोकळेपणानं उत्तर दिलं. आणि ज्या शिट्टीनं जावईबापूंच्या दाढा हलल्या, ती नापास झाली. ताई, माल चांगलाच आहे तुमचा. या पेट्यांतली एकही शिट्टी वाईट नसेल."

ताईंनी तोंडावर हात धरला.

"दादा," सासूबाई हळुवारपणे, पण तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "ज्या पेटीला तुम्ही हात लावू दिला नाहीत, तिच्यात शिक्का आहे ना?"

दादा उठले. बाही सारून त्यांनी पेटीत कोपरापर्यंत हात घातला. शिट्ट्या खळखळल्या, आणि त्यांतून काळाभोर लोखंडी शिक्का वर आला. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "धाकट्याला काय तोंडानं सांगायचं, की आता नको? वाटलं, थोडे दिवस मिळाले तर धीर येईल. मग काल जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं. ऐकू कमी येतंय, हे मला कळत होतं. पण कंपनीच्या कानालाच ऐकू येत नाही, हे कुणाला सांगू? मग मी मालालाच दोष देत बसलो. तेच सोपं होतं."

धाकटे पुढे आले. जावईबापूंना वाटलं, आता भडका उडणार. पण धाकट्यांनी पेट्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मटकन त्यांतल्याच एकीवर बसले.

"म्हणजे मी वर्षभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खातोय, त्या या पेट्यांमुळे? आणि या पेट्या... दादा, अरे, मला विकायची हौस का होती? मला वाटायचं, तू थकलास, ताईचं लक्ष नाही, माल बिघडलाय. मी एकटा किती दिवस ओढू?"

"माझं लक्ष नाही?" ताई कडाडल्या.

"अगं, वाटायचं म्हणतोय ना!"

"सांगायला काय झालं होतं?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

दोघंही दादांकडे वळून बोलत होते, म्हणून दादांना सगळं कळत होतं. जावईबापूंनी पाहिलं, मोठा माणूस डोळे पुसतोय आणि हसतोयही.

"एक गोष्ट राहिली," सासूबाई म्हणाल्या. "दादा, त्या दिवशी तुमच्या कानावर दुसरी गोष्टही आली नाही. शिक्का चोरायची गरजच नव्हती. आता कंपनी विकायला पाचांतले चार वाटे हवेत. तुमच्या एकट्याच्या हाती दोन आहेत. तुम्ही नुसतं नाही म्हणालात तरी विक्री थांबते. कायद्यानं शिक्क्याचं महत्त्व काढून घेतलं, पण ते तुमच्या जिभेला दिलं."

दादांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी, आयुष्यात पहिल्यांदा असावं, घसा खाकरून ओरडून सांगितलं, "अगदी बरोबर!"

*

दुसऱ्या दिवशी सभेच्या वेळी ताईंनी स्वतः जाऊन ड्रम बंद केला. मोठ्या कंपनीकडून एक तरतरीत बाई आल्या होत्या. सासूबाई आणि जावईबापूंना आग्रहानं बोलावलं होतं. वकील दादांच्या शेजारी बसले आणि ठराव मोठ्यानं वाचला. मग त्यांनी विचारलं, "थोरले भागधारक, विक्रीला आपली संमती आहे?"

"नाही!" दादा म्हणाले.

ते असं म्हणाले की फाटकावरचा पहारेकरी, काय झालं म्हणून, धावत दारापर्यंत आला.

ताई नाहीच म्हणाल्या. मग सगळ्यांच्या नजरा धाकट्यांकडे गेल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. काल संध्याकाळी दोघांनी बसून पेट्यांतला माल तपासला होता. ताई आवाज ऐकत होत्या, धाकटे खोकी भरत होते. वर्षभर अडलेला माल पाठवायला आता निघायचं होतं.

"मलाही नको," ते म्हणाले. "पण यापुढे तपासणी ताई करणार. दादानं साच्यांकडे बघायचं. त्याचे हात अजून शाबूत आहेत."

"मान्य!" दादा गरजले, आणि जावईबापूंनी सवयीनं कानावर हात नेला.

मोठ्या कंपनीच्या बाई नाराज झाल्या, पण फार नाही. एवढ्या लांब आलेच आहे तर कारखाना तरी दाखवा, म्हणाल्या. ताई त्यांना साच्यांकडे घेऊन गेल्या आणि थोड्याच वेळात दोघींच्या हसण्याचा आवाज येऊ लागला.

धाकट्यांनी गाडी दाराशी आणली. कानाच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी सकाळीच ठरवून ठेवली होती. दादा पायरीवर घुटमळत होते, शाळेत पहिल्यांदा निघालेल्या मुलासारखे.

"डॉक्टर काय म्हणतील रे?"

धाकटे गाडीतून उतरले, त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "काय म्हणायचं ते म्हणू दे. आपण दोघं मिळून ऐकू."